वरच्या मॉडेलचे पैसे, खालच्या मॉडेलची गाडी

प्रश्न: पाडव्याच्या मुहूर्तावर आम्ही कोल्हापूरच्या एका शोरूममधून नवी पेट्रोल गाडी घेतली. राहतो साताऱ्याजवळ. मुलांना आणि सासूबाईंना घेऊन पुण्याला सारखं जाणं-येणं असतं, म्हणून सहा एअरबॅगवालं वरचं मॉडेलच घ्यायचं हे आधीपासून ठरलेलं. एक्स-शोरूम 10 लाख 80 हजार भरले, त्यातले 7 लाख कर्ज. पहिल्या फ्री सर्व्हिसला साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली, तर तिथला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे खालचं मॉडेल आहे, हिला दोनच एअरबॅग येतात.’ त्या मॉडेलची किंमत 9 लाख 70 हजार आहे. शोरूमवाले म्हणतात, गर्दीत यार्डातून चुकून दुसरी गाडी निघाली, पण आता पासिंग झालंय, बदलता येणार नाही. 40 हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट बसवून देतो, या कागदावर सही करा. तिथला सेल्स मॅनेजर माझ्या मिस्टरांचा आतेभाऊ आहे. मिस्टर म्हणतात, घरातलं प्रकरण आहे, ताणू नकोस. सासूबाई म्हणतात, पूजा झालेली गाडी परत करू नये. कागदांचे फोटो पाठवलेत. काय करू? – एक वाचक, सातारा

ताई,

सगळ्यात आधी, त्या कागदावर सही करू नका. गाडी मिस्टरांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांनाही करू देऊ नका. फोटो मोठा करून वाचला. वरच्या अर्ध्या पानात सीट कव्हर, फ्लोअर मॅट, म्युझिक सिस्टीम अशी यादी आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘आम्ही पूर्ण समाधानी असून या वाहनाबाबत यापुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही’ असं वाक्य आहे. शोरूमला तुमच्याकडून हवं आहे ते हे वाक्य. मॅट वगैरे त्याची किंमत.

आता हिशेब बघू, कारण 40 हजार ऐकायला बरे वाटतात. दोन मॉडेलांतला फरक 1 लाख 10 हजारांचा. पण तुमचं नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी कर लागतो, तो 10 लाखांपर्यंतच्या गाडीला 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीला 12 टक्के. तुमचं बिल 10 लाख 80 हजारांचं, म्हणून कर बसला 1 लाख 29 हजार 600. प्रत्यक्षात मिळालेल्या गाडीवर तो 1 लाख 6 हजार 700 बसला असता. म्हणजे आणखी 22 हजार 900 गेले. दोन्ही मिळून 1 लाख 32 हजार 900 झाले. विम्याचा जादा हप्ता आणि कर्जावरचं व्याज अजून धरलेलं नाही. शिवाय ते 40 हजार ॲक्सेसरीजच्या छापील किमतीचे आहेत. शोरूमला त्या त्याहून बऱ्याच स्वस्तात पडतात.

तरीही मी तुम्हाला ‘फरकाचे पैसे घ्या आणि मिटवा’ असं सांगणार नाही. सनरूफ राहिलं असतं, मोठा स्क्रीन राहिला असता, तर सांगितलं असतं. पैसे घ्या, उरलेल्या पैशांत मुलांना कुठेतरी फिरवून आणा, म्हटलं असतं. पण तुम्ही जादा पैसे मोजलेत ते खंबाटकीच्या घाटातून मुलांना घेऊन जाताना बाजूच्या आणि खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असाव्यात म्हणून. आणि ही वस्तू मागाहून बसवता येत नाही. तिच्यासाठी धडक ओळखणारे सेन्सर, वायरिंग, कंट्रोल युनिट, सीटची शिवण, छताच्या कडेचं अस्तर, सगळं कारखान्यातच तसं घडवलेलं असावं लागतं. शोरूममधलं कोणी ‘नंतर बघू, बसवता येईल’ म्हणालं तर त्याला तेवढंच वाक्य ईमेलवर लिहून मागा. कोणी लिहून देणार नाही. सरकारने 2022 मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव आणला होता, तो पुढे सोडून दिला. त्यामुळे दोन एअरबॅगची गाडी विकणं हा गुन्हा नाही. सहाचे पैसे घेऊन दोनची देणं हा तुमचा मुद्दा आहे, आणि तो पुरेसा आहे.

‘आमच्या आधी कसं लक्षात आलं नाही’ म्हणून तुम्ही पत्रात स्वतःला दोष दिलाय. तो काढून टाका. बाहेरून दोन्ही मॉडेलं सारखी दिसतात. फुलांचा हार, फोटो, पेढे, चावीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात, अशा गडबडीत दारांमधल्या खांबावर कोरलेलं ‘एअरबॅग’ कोण वाचतं?

आता फोटोंकडे येऊ. तुमच्या नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. तुमच्या कागदांचे दोन गठ्ठे करा. पहिल्यात कोटेशन, बुकिंग फॉर्म, टॅक्स इन्व्हॉइस आणि विम्याची पॉलिसी. या चारही कागदांवर वरच्या मॉडेलचं नाव आहे. दुसऱ्या गठ्ठ्यात फॉर्म 22, म्हणजे कंपनीकडून गाडीबरोबर येणारं प्रमाणपत्र, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड आणि तुमची आरसी. या तिन्हींवर खालचं मॉडेल आहे. आरसीवर ‘मॉडेल’ची ओळ बघा, तिथे स्वच्छ लिहिलंय.

याचं महत्त्व असं. नव्या गाडीच्या पासिंगचा अर्ज डीलरच करतो, 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने ती जबाबदारी त्याचीच आहे. अर्ज भरताना चासी नंबर टाकला की त्या गाडीची कंपनीने चढवलेली माहिती समोर येते. म्हणजे पासिंगच्या दिवशी शोरूमच्या कॉम्प्युटरवर एका खिडकीत खालचं मॉडेल दिसत होतं आणि दुसऱ्या खिडकीत तुमच्या नावाचं वरच्या मॉडेलचं बिल होतं. यार्डातून गाडी चुकीची निघाली हे मी मान्य करीन. पाडवा, दसरा, महिनाअखेर, या दिवसांत यार्डात एकाच रंगाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात, पोरं चासी नंबर न बघता चावी उचलतात, असं घडतं. पण त्यानंतर डिलिव्हरीआधीची तपासणी झाली, विमा उतरवला, पासिंग झालं, आणि कुठेच कोणी थांबलं नाही. त्यामुळे ‘चुकून’ हा शब्द त्यांना फार दूर नेणार नाही. मुद्दाम केलं की बेफिकिरीने, हे तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही. दोन्हींत तुम्ही मागाल ते सारखंच आहे.

‘पासिंग झालंय म्हणून बदलता येत नाही’ हे खोटं आहे. पासिंग झाल्यामुळे बदलणं महाग पडतं, एवढंच खरं, आणि महाग पडतं ते त्यांना. तुमची गाडी परत घेतली की ती सेकंडहँड झाली, तशीच विकावी लागणार. नव्या गाडीचा कर पुन्हा भरावा लागणार. जुनं बिल रद्द करणारी क्रेडिट नोट काढायची, बँकेचा बोजा एका चासी नंबरवरून उतरवून दुसऱ्यावर चढवायचा, हे सगळे सोपस्कार. त्यांचा अकाउंटंट हा आकडा काढून बसलेला असतो, म्हणून पहिलं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. ते शेवटचं उत्तर समजू नका.

करायचं काय, तर एक पत्र लिहायचं. मॅनेजरला लिहू नका, शोरूमच्या मालकाच्या किंवा जनरल मॅनेजरच्या नावे लिहा. स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपा, तेच ईमेलनेही पाठवा, आणि प्रत गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. पत्र एका पानाचं असू द्या. कोणत्या तारखेला कोणतं मॉडेल बुक केलं, किती पैसे दिले, कोणता चासी नंबर मिळाला, तो कोणत्या मॉडेलचा निघाला, हे कोणत्या कागदावरून दिसतं. मग मागणी: त्याच मॉडेलची, चालू वर्षातच तयार झालेली नवी गाडी, आणि तिचा कर, पासिंग, विमा, कर्जाचे जादा खर्च हे सगळे शोरूमने सोसायचे. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे व्याजासह परत. पंधरा दिवसांची मुदत द्या. फसवणूक, चोर, लुटारू असले शब्द टाळा. प्रकरण पुढे गेलं तर हेच पत्र ग्राहक आयोगासमोर वाचलं जाणार आहे, आणि थंड डोक्याने लिहिलेलं पत्र तिथे जास्त बोलतं.

‘चालू वर्षातच तयार झालेली’ ही ओळ विसरू नका. बदली गाडी म्हणून गेल्या वर्षीचा पडून राहिलेला माल गळ्यात मारायचा मोह त्यांना होऊ शकतो. विम्याची रक्कम गाडीच्या वयावर ठरते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न बनावटीच्या सालाचाच विचारतं.

पत्राबरोबर बँकेलाही कळवा. इथे एक ताकीद: ईएमआय थांबवू नका. रागाच्या भरात पुष्कळ जण हप्ता अडवतात. बँकेचं काही बिघडत नाही, तुमचा सिबिल स्कोअर मात्र बिघडतो आणि तुमचं प्रकरण उगाच दुबळं दिसतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा की पॉलिसीवरचं मॉडेल आणि आरसीवरचं मॉडेल जुळत नाही. उद्या बंपर ठोकला गेला तर सर्व्हेअर आधी चासी नंबर पॉलिसीशी ताडून बघतो, आणि तेव्हा हा घोळ तुम्ही निस्तरत बसाल.

गाडी वापरायची का? अडीअडचणीला वापरा, पण कमी. किलोमीटरच्या काट्याचा फोटो आज काढून ठेवा आणि पत्रात आकडा लिहा. आणि ‘गाडी आमच्याकडे आणून ठेवा, बघतो’ असं म्हणाले तर नुसती सोडून येऊ नका. का ठेवून घेतली, कोणत्या तारखेला, काटा किती, हे लिहिलेली शिक्क्याची पावती मिळाली तरच चावी द्या.

शोरूमवाले आणखी एका गोष्टीला फार जपतात. गाडी विकल्यावर कंपनीकडून ग्राहकाला फोन येतो, खूश आहात का, दहापैकी किती गुण द्याल. या गुणांवर डीलरचं बरंच काही अवलंबून असतं, म्हणून ‘दहापैकी दहा सांगा हं’ असं डिलिव्हरीच्या वेळीच विनवलं जातं. तुम्ही तेव्हा दहा दिले असतील तर दिले. सर्व्हिसनंतर पुन्हा फोन येईल. तेव्हा शांतपणे सगळं सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते डीलरला आणि कंपनीला विचारणा करतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण पुष्कळदा तेवढ्यावर मालकाचा फोन येतो. नाही आला तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. शोरूम कोल्हापूरला असलं तरी तुम्ही साताऱ्यात दाखल करू शकता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे, आणि माझ्या मते त्या कायद्यातली सामान्य माणसाच्या सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच आहे. वस्तूची दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो. 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार मिस्टर आणि तुम्ही दोघांच्या नावे करा. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. मसुदा लिहायला ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांची मदत मिळते का, ते जरूर विचारा.

कंपनीलाही पक्षकार करा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. असं का म्हणतो, ते गोव्यातल्या एका प्रकरणावरून सांगतो. तिथल्या एका ग्राहकाने 2011 मध्ये टाटा मोटर्सच्या नव्या इंडिगो गाडीचे पैसे भरले आणि डीलरने त्याला 2009 ची, 622 किलोमीटर पळालेली गाडी दिली. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, तिन्ही पायऱ्यांवर तो जिंकला. टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 18 फेब्रुवारी 2021 च्या निकालात न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं. डीलर आणि कंपनी हे आपापल्या जबाबदारीवर व्यवहार करणारे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत, आणि डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असा पुरावा समोर नव्हता, असं त्यात म्हटलं. डीलरची जबाबदारी मात्र राहिली. तुमच्या प्रकरणातही कंपनीने खालच्या मॉडेलचा कागद खालच्या मॉडेलबरोबरच पाठवलाय. म्हणूनच कंपनीला आजच लेखी कळवून ठेवायचं. कळल्यावर तिने काय केलं किंवा काय केलं नाही, ते मग कागदावर राहतं. आणि तिला पक्षकार करण्याचा दुसरा फायदा हा की त्या चासी नंबरची गाडी डीलरला कोणत्या मॉडेलची म्हणून आणि कोणत्या किमतीला पाठवली, ते बिल आयोगासमोर मागवता येतं.

वेळ लागेल हेही सांगतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय, गोव्याच्या ग्राहकाचं प्रकरण शेवटच्या पायरीपर्यंत जायला जवळपास दहा वर्षं गेली. म्हणून सगळा जोर पहिल्या पत्रावर लावायचा. तुमचे कागद इतके साफ आहेत की शहाणा मालक आयोगापर्यंत जाणार नाही. पोलिसांत मात्र आत्ता जाऊ नका. ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतील आणि त्या फेऱ्यांत तुमचा उत्साह संपेल.

राहिले घरचे.

आतेभावाची अडचण खरी आहे, पण ती तुमच्या मिस्टरांना वाटते त्यापेक्षा वेगळी आहे. पगारी माणूस तो. त्याच्या हातात फार तर ॲक्सेसरीज आहेत, गाडी बदलून द्यायचा अधिकार त्याला बहुधा नसावा. तुम्ही त्याच्याशीच बोलत राहिलात तर तो दोन्हीकडून चेपला जाईल. तिकडे मालक म्हणेल तुझंच पाहुणं आहे, समजाव. इकडे तुम्ही म्हणाल घरचा असून फसवलंस. पत्र मालकाच्या नावे गेलं की तो मधून बाजूला होतो. पत्र टाकायच्या आदल्या दिवशी मिस्टरांनी त्याला स्वतः फोन करावा आणि सांगावं, ‘तुझं नाव पत्रात कुठेही नाही, पण पत्र जातंय.’ अचानक ऑफिसात पत्र येऊन पडलं तर नातं दुखावेल. आधी कळवलं तर दुखावायचं कारण नाही. उलट तोच कदाचित सांगेल की मालक अमुक वारी शोरूममध्ये असतात.

मिस्टर ‘ताणू नकोस’ म्हणतात त्यात भिडेचा भाग मोठा असणार. त्यांच्यासमोर कायदा मांडू नका, वरचा हिशेब मांडा. 1 लाख 32 हजार 900 हा आकडा कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवला तर भीड बरीच कमी होते, असा माझा अंदाज आहे. आणि हेही विचारा की पाहुण्यांच्या दुकानातून सोनं घेतलं आणि कॅरेट कमी निघालं तर आपण गप्प बसलो असतो का?

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांना गाडीत मागच्या सीटवर बसवा, दरवाजाच्या वरची कडा दाखवा आणि सांगा की इथे नातवंडांच्या डोक्याशी जी पिशवी फुगायला हवी होती ती या गाडीत नाही. मग त्यांनाच विचारा. पूजा आपण गाडीतून जाणाऱ्या माणसांच्या सुखरूपपणासाठी करतो, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्या गाडीला दुसरा नारळ फोडू, त्यात काही अडत नाही. हवं तर तो खर्चही शोरूमकडे मागा!

नवी गाडी द्यायला तयार झाले तर घाई मात्र करू नका. मुहूर्त असो नसो, पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत कोरलेला चासी नंबर फॉर्म 22 शी एक-एक अक्षर ताडून घ्या, सतरा अक्षरं असतात. तयार झाल्याचा महिना आणि साल बघा. सीटच्या कडेला आणि दारांमधल्या खांबांवर एअरबॅगची अक्षरं कोरलेली आहेत का, ते हात लावून बघा. सगळं जुळलं तरच पासिंगला हो म्हणा, आणि जुनी गाडी परत देताना बँकेचा बोजा नवीन चासी नंबरवर गेल्याचं आणि जुन्या गाडीची मालकी तुमच्या नावावरून उतरल्याचं पत्र हातात घ्या. ती गाडी नंतर कोणी चालवून कुठे धडकवली आणि आरसीवर अजून मिस्टरांचंच नाव असलं, तर समन्स तुमच्या दारात येईल.